दादा बोलतोय

“कोण बोलतंय?”

“मी मास्तर.”

“कोण मास्तर?”

मास्तरांनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला. वॉर्डाच्या दाराशी एक बाई जेवणाचा डबा फरशीवर आपटून आपटून उघडत होती. पलीकडच्या माणसाला मात्र कसलीच घाई नव्हती.

“भाऊंना सांगा, मास्तरांचा फोन आहे. घरून. आई सिरियस आहे म्हणावं.”

“कोणाची आई?”

“त्यांची.” आणि मग घाईघाईने, “आमची.”

पलीकडे सुस्कारा ऐकू आला. पीए नवा होता, पण तेवढ्यात तयार झाला होता. ‘तुमची आई ती माझी आई’ हे भाऊ प्रत्येक सभेत सांगत, आणि लोक ते खरे धरून चालत. आमदारांच्या आया रोज कुठल्या ना कुठल्या दवाखान्यात सिरियस असत.

“कळली अडचण,” पीए म्हणाला. “खाट पाहिजे का? आमच्या ऑफिसला फोन करा, तिथला मुलगा चिठ्ठी देईल. भाऊ सभागृहात आहेत, आज मतदान आहे. संध्याकाळी बघू.”

फोन बंद झाला. मास्तरांनी पुन्हा लावला. “तुम्ही मघाचेच ना?” एवढे विचारून पीएने तोही बंद केला.

ते आत गेले. आई उशीला टेकून होती. नाकाशी नळी, आणि डोळे दाराकडे. सकाळी डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना बाजूला घेऊन सांगितले होते, कोणाला बोलवायचं असेल तर आजच बोलवा. कोणाला, हे विचारायची गरज नव्हती. आईला दोन मुलगे. त्यातला एक गेले कित्येक दिवस खाटेपाशी स्टुलावर बसून होता, त्यामुळे त्याला बोलवायचा प्रश्न नव्हता.

“लागला का रे फोन?”

“लागतोय.”

“त्याला म्हणावं, नुसतं तोंड दाखवून जा. बसू नको. कामं असतात त्याला.”

एका वाक्यापुरताच श्वास होता तिच्याकडे, तो तिने असा धाकट्याची बाजू घेण्यात संपवला. मास्तरांना वाईट वाटले. रागही आला, पण राग आणण्याची ही जागा नव्हती आणि त्यांचा तो स्वभावही नव्हता.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. ते केस कापतात. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत त्यांचे दोन खुर्च्यांचे दुकान आहे, वडिलांपासूनचे. समोर भिंतभर आरसा, त्याला कडेने काळे डाग, आणि मागे वाट बघणाऱ्यांसाठी एक लांब बाक. वडील असताना दुकानाचे टॉवेल आई धुवायची. सोड्याच्या पाण्यात उकळून मागच्या अंगणात वाळत टाकायची. वडील गेले, मास्तर कर्ते झाले, सून आली, तरी टॉवेल आईच धूत राहिली. दुसऱ्या कोणाच्या हातचा टॉवेल तिला स्वच्छ वाटायचाच नाही.

वडिलांचे एक वाक्य होते. गिऱ्हाईक खुर्चीत बसले, गळ्याभोवती कापड आले, की मागे गाठ मारता मारता विचारायचे, “आता बरं आहे ना घरी?” आणि लगेच मशीन चालू करायचे. सगळी करामत त्या ‘आता’मध्ये होती. कुठल्याही घरात मागच्या महिन्यात काही तरी होऊन गेलेलेच असते. कोणाचा पाय मुरगळलेला, कोणाची सून माहेरी गेलेली. गिऱ्हाइकाला वाटायचे, याने लक्षात ठेवले. वडिलांच्या लक्षात काहीसुद्धा नसायचे.

“उत्तर ऐकत बसायचं नाही,” ते दोन्ही मुलांना शिकवत. “ऐकायला गेलास की कान कापशील. विचारायचं आणि मशीन चालू करायचं. पुढचं तो मशीनला सांगतो.”

थोरला हात शिकला. धाकट्याने पहिल्याच महिन्यात एका पोस्टमनचा कान कापला. वडिलांनी त्याच्या हातातून मशीन काढून घेतले आणि त्याला बाकावर बसवले. “तुझा हात कामाचा नाही,” ते म्हणाले. “बस इथं. लोकांना पेपर वाचून दाखव.”

बाकावर बसून बसून त्याला कळले की आपला हात कामाचा नसला तरी तोंड कामाचे आहे. कोणाच्या गल्लीतले गटार तुंबले, कोणाच्या नळाला पाणी नाही, कोणाचा दाखला अडकला, हे सगळे त्या बाकावर यायचे. धाकटा उठायचा, पालिकेत जायचा, कारकुनाच्या टेबलावर कोपर टेकून उभा राहायचा आणि काम झाल्याशिवाय कोपर उचलायचा नाही. या बाबतीत त्याची खोटी निंदा करण्यात अर्थ नाही. त्या काळात त्याने खरोखर कामे केली. आणि रस्त्यात कोणीही भेटले की तो दोन्ही हातांत त्याचा हात घेऊन विचारायचा, “आता बरं आहे ना घरी?” समोरच्याचे डोळे भरून येईपर्यंत तो पुढच्या माणसाकडे वळलेला असायचा. म्हाताऱ्या बायका एकमेकींना सांगायच्या, पोटच्या पोरांना नसते एवढी आठवण त्याला असते. वडिलांना जे साधायला कापडाची गाठ मारावी लागायची, ते याला गाठही न मारता साधले होते.

तो नगरसेवक झाला, आणि धाकट्याचे एकवचन संपले. वॉर्ड त्यांना ‘भाऊ’ म्हणू लागला, तेव्हा आपणही भाऊच म्हणू.

घोटाळा सुरू झाला तो इथून. घरात लहानपणापासून थोरल्याला ‘दादा’ म्हणायचा दंडक होता, आणि तो आईचा होता. धाकट्याने नुसत्या नावाने हाक मारली की पिळलेला टॉवेल पाठीत बसायचा. “दादा म्हण,” आई म्हणायची. “बाबा दमले की तोच आहे तुला.” त्यामुळे नवे नगरसेवक एका दुपारी पालिकेत बैठकीत असताना मास्तरांनी तिथे फोन केला. दुकानासमोर पाइप फुटला होता, एवढेच काम. फोन उचलणाऱ्याला ते म्हणाले, “सांगा त्याला, दादा बोलतोय.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कोणी तरी धावले. आणि मग भाऊंचा जो आवाज आला, तो मास्तरांनी जन्मात ऐकला नव्हता. “हां दादा. बोला दादा. मी बैठक सोडून आलो दादा. आपण फक्त आज्ञा करायची.”

त्या आवाजाने मास्तर लाजले. क्षणभर त्यांना वाटले, नगरसेवक झाल्यावर माणसाला थोरल्या भावाची किंमत कळते.

“अरे, दुकानासमोर पाइप फुटलाय,” ते म्हणाले.

पक्षाचे शहरातले प्रमुख होते, त्यांना सगळे दादा म्हणत. पुढे ते शहराचे राहिले नाहीत, राज्याचे झाले. दादा म्हणजे तिकीट, दादा म्हणजे समित्या, दादा म्हणजे दादा. त्या संध्याकाळी भाऊ दुकानात आले, बाकावरच्या माणसांना हात जोडले आणि मास्तरांना मागच्या अंगणात नेले. तारेवर टॉवेल वाळत होते.

“हे बघ,” भाऊ म्हणाले, “पक्षात दादा एकच. मी ‘दादा म्हणाले’ असं म्हटलं की लोकांचे कान उभे राहतात. त्यात तू कुठं मध्ये येतोस? आज माझी शोभा झाली. यापुढं फोनवर दादा म्हणायचं नाही. आणि मीही म्हणणार नाही.”

“मग काय म्हणशील?”

भाऊंनी विचार केला. कारागीर म्हणणे बरे दिसत नव्हते. “मास्तर म्हणतो. मान आहे त्यात.”

मान होता खरा, पण कोणाचा, ते मास्तरांना हळूहळू कळले. ऐकणाऱ्याला वाटायचे, भाऊंच्या घरात एक शिक्षक आहेत. पुढे भाऊ आमदार झाले, मोठ्या घरात राहायला गेले, तेव्हा दर रविवारी मास्तर पेटी घेऊन तिथे मागच्या दाराने जात. भाऊंचे केस कापत, मानेवरचे केस झटकत, आणि तेवढ्यात कोणी आले तर भाऊ आरशातूनच सांगत, “हे आपले मास्तर.” आलेला माणूस मास्तरांना नमस्कार करी. एकदा एकाने आपल्या मुलाच्या गणिताबद्दलही विचारले. मास्तर म्हणाले, “सराव पाहिजे.”

“सगळ्या शहराचा भाऊ आहे तो,” मास्तरांची बायको म्हणायची. “तुमचा कोण लागतो, ते तेवढं एकदा विचारून या.”

आईला यातले काही माहीत नव्हते. मास्तरांनी ते तिच्यापर्यंत पोचू दिले नाही. तिच्या दृष्टीने एक मुलगा आमदार होता आणि एक त्याचा दादा होता, आणि टॉवेलच्या फटक्यांचे चीज झाले होते.

तर आता दुपारी, खाटेपाशी उभे राहून, शेजारच्या खाटेच्या माणसाचा फोन मागून, मास्तरांनी तिसऱ्यांदा फोन लावला. हे करायचे नाही असे त्यांनी अंगणात कबूल केले होते आणि इतकी वर्षे पाळले होते. त्यांनी घसा साफ केला, आणि पीएला बोलू न देता, जरा जड आवाजात म्हणाले, “दादा बोलतोय.”

“दादा?” पीएचा आवाजच बदलला. “दादा, नमस्कार दादा. हा नंबर नवीन दिसतोय दादा, म्हणून ओळखलं नाही. फोन ठेवू नका, आत चिठ्ठी पाठवतो, लगेच बोलावतो.”

मास्तरांना खोटे बोललेल्या लहान मुलासारखे वाटले. पण खोटे काय बोलले होते ते? ते दादा होते, आणि बोलत होते.

फोनमध्ये पावले ऐकू आली. मास्तरांना वाटले, आपण कशाला, तिलाच ऐकू दे आधी. त्यांनी वाकून फोन आईच्या कानाला लावला. भाऊंचा आवाज सभांचा होता, बाहेरही स्पष्ट येत होता.

“हां दादा. बोला दादा. चिठ्ठी बघितली आणि तसाच उठलो. तुम्ही म्हणाल तसं दादा. तुमच्या शब्दाबाहेर आहे का मी?”

आईचा चेहरा उजळला. एरवी दिवसभर सुरकुत्यांखेरीज त्यावर काही दिसत नव्हते. “ये रे,” ती फोनमध्ये म्हणाली.

“कोण? हॅलो? कोण बोलतंय?”

मास्तरांनी फोन झटकन आपल्या कानाला घेतला आणि दाराबाहेर गेले. “मी आहे. आई होती. तिचं काही खरं नाही. तू ये.”

 पलीकडून अगदी हळू, दातांत धरलेला आवाज आला. “तू? अरे, तुला सांगितलं होतं ना? नालायका, आज, आत्ता, तुला हेच…” आणि मागे कुठे तरी घंटा वाजायला लागली.

ती मतदानाची घंटा होती. ती वाजते तोवर सगळ्यांनी आत यायचे. ती थांबली की सभागृहाची दारे लागतात, आणि बाहेर राहिला तो बाहेर. भाऊंनी शिवी अर्धी सोडली. फोन त्यांच्या मुठीत तसाच चालू राहिला, म्हणून पुढचे सगळे मास्तरांनी ऐकले. पळणारे बूट. घंटा थांबलेली. दारावर थापा.

“उघडा. अहो, मी आहे. सदस्य आहे मी.”

“दार लागलं साहेब. आता नाही उघडता येत.”

“एक मिनिट उघड रे बाबा. हात जोडतो तुला. तुझ्या घरी काही अडचण असेल तर सांग, पण उघड.”

“नियम आहे साहेब.”

मास्तरांनी फोन बंद केला. आत गेले, तर आई वाट बघत होती.

“काय म्हणाला?”

“येतो म्हणाला.”

“दादा म्हणत होता तुला. ऐकलंस ना? अहो-जाहो करत होता.” तिने थांबून श्वास गोळा केला. “एवढा मोठा झाला, पण तुझा शब्द मोडत नाही बघ.”

“नाही मोडत,” मास्तर म्हणाले.

ती दाराकडे बघत राहिली. उन्हे कलली तेव्हा ती तशीच बघत होती, फक्त दिसत काही नव्हते. डोळे मास्तरांनी मिटले.

खाली औषधांच्या खिडकीजवळ टीव्ही लावलेला होता. मास्तर कागदांवर सह्या करायला उतरले तेव्हा तिथे गर्दी होती. सरकार एका मताने पडले होते. पडद्यावर भाऊ होते, घामाने निथळलेले, तोंडाशी माइकांचा घोळका. “मला दादांचा फोन आला होता,” ते सांगत होते. “दादांचा आदेश म्हणून मी बाहेर गेलो. दादांची खुर्ची तेव्हा रिकामी होती, बघा पाहिजे तर.” आणि लगेच पडद्यावरच्या दुसऱ्या चौकटीत दादा. ते कॅमेऱ्याकडे बघून शांतपणे म्हणाले की ते प्रसाधनगृहात गेले होते आणि घंटा ऐकून वेळेत परत आले होते, त्यांनी कोणाला फोन केलेला नाही, आणि सदर सदस्याला कोणाचा फोन आला व कशासाठी आला याचा शोध घेतला जाईल. खिडकीजवळची माणसे हसली. “चांगला मोठा आकडा मिळाला असेल,” कोणी तरी म्हणाले.

मास्तर सह्या करत होते. वर न बघता त्यांनी पुढचा कागद ओढला.

भाऊ दुसऱ्या दिवशी अंत्यविधीला आले, ते सगळे आटोपत आले तेव्हा. रात्रभर दादांच्या बंगल्याबाहेर उभे होते, आत कोणी घेतले नव्हते. एरवी ते कुठल्याही मयताला गेले की लोक वाट करून द्यायचे. आजही वाट झाली, पण लोक जरा जास्तच लांब सरकले होते. भाऊ आईच्या पायांशी वाकले, उठले, मास्तरांच्या जवळ आले. मास्तरांना वाटले, आता हा विचारील, शेवटी काय म्हणाली. काय सांगायचे तेही त्यांनी ठरवले होते. त्याला बरे वाटेल तेच सांगायचे ठरवले होते.

“चारला दादांनी वेळ दिलाय,” भाऊ कानाशी म्हणाले. “तू चल. सांग त्यांना की फोन तूच केला होतास. डॉक्टरचा कागद घे बरोबर.”

मास्तर गेले. बायको म्हणाली, “अंगावरचे कपडे तरी बदला.” ते तसेच गेले. आपल्यामुळे झाले हे त्यांना टोचत होते. आणि त्याचे वाटोळे व्हावे असे आईला कधीच आवडले नसते.

दादांच्या दिवाणखान्यात दहाबारा माणसे भिंतीला टेकून होती. दादा वाटोळे, गोरे, हळू बोलणारे. संत्रे सोलत होते. त्यांनी मास्तरांना नीट बघितले.

“यांना मी ओळखतो. तुझ्याकडे बघितलंय. शाळेत आहेत ना?”

“नाही,” मास्तर म्हणाले. “केस कापतो मी. याचा मोठा भाऊ.”

“मोठा भाऊ?” दादांनी भाऊंकडे पाहिले. भाऊ गालिच्याकडे बघत होते. “आणि फोन तुम्ही केलात. काय म्हणालात?”

“दादा बोलतोय म्हणालो.”

“का?”

“दादा आहे मी. म्हणजे त्याचा. घरात तसंच म्हणायची पद्धत होती. आई सिरियस होती, आणि तसं म्हटल्याशिवाय फोन देत नव्हते.”

भिंतीपाशी कोणाला तरी हसू फुटले. दादा हसले नाहीत, म्हणून ते लगेच दाबले गेले. दादांनी संत्र्याची फोड तोंडात टाकली, बी हातावर काढली.

“वाईट झालं,” ते म्हणाले. “मनापासून सांगतो, वाईट झालं. अरे, तू आईसाठी बाहेर गेला असतास तर मी तुला डोक्यावर घेऊन नाचलो असतो. आई मरत होती आणि लेक धावला, त्यात सरकार गेलं, तर गेलं. लोक रडले असते. पुढची निवडणूक आपण त्याच्यावर काढली असती. कागद पण आहे तुझ्याकडे. सगळं होतं तुझ्याजवळ.” त्यांनी दुसरी फोड घेतली. “पण तू आईसाठी गेलाच नाहीस. तू माझ्यासाठी गेलास. वर टीव्हीवर सांगून बसलास. आता सगळं राज्य मला विचारतंय, दादा, तुम्ही मुतता मुतता फोन करता का?”

आता दादा हसले, आणि मग सगळी भिंत हसली.

“दादा…” भाऊ कळवळून म्हणाले.

आणि मास्तरांनी मान वर केली. मुद्दाम नव्हे, त्या आवाजातली ती हाक लहानपणाची होती, मान आपोआप गेली. भाऊंनी त्यांच्याकडे पाहिलेही नव्हते. पण बाकीच्यांनी पाहिले, आणि हसण्याची दुसरी लाट पहिलीपेक्षा मोठी आली. दादांनी तर डोळे पुसले.

“मास्तरांना चहा द्या,” ते म्हणाले. “आणि याला सांगा, पुढच्या वेळी फोन आला की आधी विचार, कोणता दादा.”

परतताना गाडी भाऊच चालवत होते. ड्रायव्हर सकाळपासून आला नव्हता.  मास्तरांच्या मांडीवर डॉक्टरचा कागद होता, तो कोणी बघायलाही मागितला नव्हता.

“तू फोन केला नसतास तर काय बिघडत होतं?” भाऊ म्हणाले.

“आई बोलवत होती.”

“आई काय, जाणारच होती. मी येऊन काय थांबणार होती का?”

 पुढच्या चौकात दिवा लाल झाला तेव्हा त्यांनी दार उघडले, उतरले, आणि मागच्या गाड्या वाजत असताना फुटपाथवर जाऊन चालायला लागले. त्यांना वाटले होते, रडू येईल. ते आले नाही. आतून काही तरी एकदम स्वच्छ झाल्यासारखे वाटले, आणि त्या स्वच्छतेची त्यांना भीती वाटली.

पुढचे सगळे रीतसर झाले. पक्षातून काढले. निवडणुका लागल्या. भाऊ अपक्ष उभे राहिले, हात जोडून तेच वॉर्ड पुन्हा फिरले. दोन्ही हातांत हात घेऊन विचारत गेले, आता बरं आहे ना घरी, आणि लोक उलट विचारायला लागले, “आता कोणत्या दादांचा फोन आला?” ज्या गल्लीत त्यांनी पहिले गटार साफ करून घेतले होते, तिथल्या पोरांनी त्यांची गाडी दिसली की खिशातून फोन काढून ‘दादा बोलतोय’ म्हणायचा खेळ काढला. अनामतही गेली. मोठे घर गेले. बायको मुलांना घेऊन तिच्या भावाकडे राहायला गेली, ती थोडे दिवस म्हणून गेली आणि राहिली. आमदाराचा माजी आमदार होतो, पण तो आणखी खाली गेला. लोक नुसते ‘तो’ म्हणू लागले. धाकटा पुन्हा एकवचनात आला.

मास्तरांचे दुकान चालू होते. टॉवेल आता मास्तरांची बायको धुवायची. गिऱ्हाइके म्हणत, पूर्वीसारखे नाहीत. रविवारी सकाळी मास्तर घरी असत, आणि पेटी फळीवर असे.

एका दुपारी तो आला. दारात उभा राहिला. केस कानांवर आले होते, मानेवर कॉलरमध्ये शिरले होते. शेवटचे मास्तरांनीच कापले होते, त्यानंतर कोणी कापलेले दिसत नव्हते. खुर्चीत एक पेन्शनर होते. बाकावर दोघे जण. त्यातल्या एकाची बदली भाऊंनी रद्द करून आणली होती. त्याने पेपर जरा वर धरला.

“बसा,” मास्तर आरशातून म्हणाले. “नंबर आहे.”

त्या ‘बसा’ने तो दचकला. थोरल्याने त्याला आयुष्यात कधी अहो केले नव्हते. तो बाकाच्या टोकाला बसला, वडील त्याला बसवत तिथेच. पेन्शनर झाले. मग पहिला झाला, मग पेपरवाला झाला. मास्तरांनी कोणाचीही घाई केली नाही. मध्ये आणखी एक जण आत डोकावला. त्याला मास्तर म्हणाले, “या की, यांच्यानंतर तुमचाच.” तो येऊन बसला.

“या,” मास्तर म्हणाले.

तो खुर्चीत बसला. मास्तरांनी धुतलेला टॉवेल घेतला, झटकला, त्याच्या खांद्यांवर टाकला. टॉवेलचा वास घेतल्यासारखी त्याची मान किंचित वळली, पण आईच्या हातचा तो सोड्याचा वास त्यात राहिला नव्हता. वरून कापड आले. आरशात दोन चेहरे होते, एकाच बापाचे, हे कोणीही सांगितले असते. मागे बाकावरचा माणूस फोनमध्ये बघत होता.

“दादा,” तो म्हणाला. अगदी हळू. आज्ञा करा नव्हते, बोला नव्हते, पुढे काहीच नव्हते. नुसते दादा.

मास्तरांचे हात गाठीवर थांबले. ती हाक त्यांनी किती वर्षांत ऐकली नव्हती, आणि ऐकली होती तेव्हा ती दुसऱ्याला होती. त्यांना आईची आठवण झाली. ती दाराकडे बघत होती ते आठवले. मग लाल दिव्याचा चौक आठवला. त्यांनी गाठ पुरी केली, फार घट्ट नाही आणि फार सैलही नाही, कोणाचीही मारतात तशी.

“आता बरं आहे ना घरी?” त्यांनी विचारले.

आरशात त्याचे डोळे वर आले. ओठ हलले. त्याला बरेच सांगायचे असावे.

मास्तरांनी त्याचे डोके खाली दाबले आणि मशीन चालू केले.